अंगठीचा दोरा

मधुमेहाच्या दवाखान्यात वजन करायला आम्ही रांगेत उभ्या होतो. माझ्या पुढच्या बाई काट्यावर चढल्या. डॉक्टरीणबाई आकडा बघून म्हणाल्या, "छान उतरतंय. गुडघ्यांना बरं वाटत असेल आता."

बाई हसल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "पण हे औषधानंच ना? आपोआप तर नाही?"

"औषधानं आणि तुमच्या पथ्यानं."

आमच्या घरात वजन आपोआपच उतरत आलं. आजारी आईची अंगठी सैल झाली, तेव्हा तिनं अंगठीला खालच्या बाजूनं दोरा गुंडाळला. थोड्या दिवसांनी आणखी गुंडाळला. शेवटी शेवटी सोन्यापेक्षा दोराच जास्त दिसायचा. तेव्हापासून कुणी कौतुकानं "बारीक झालीस" म्हटलं, तरी मला तो दोराच आठवतो.

माझी पाळी आली. साखर आटोक्यात होती, वजनही उतरलं होतं. "शाब्बास," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मी हसले.

चपला घालायला वाकले, तेव्हा बोटातली आईची अंगठी घसरून पेरावर आली. मी मूठ मिटली आणि तशीच घरी आले.

दोऱ्याचं रीळ समोरच आहे. हात पुढे होत नाही.