मामाजींची व्हिस्की

व्हिस्कीचा घोट तोंडात घेतला की मामाजी डोळे मिटायचे आणि दोन्ही हातांच्या चिमट्या जोडून हळूहळू एकमेकींपासून लांब न्यायचे. हातात काही नसायचं. कापसाचा धागा ओढून पाहायची ती सवय. आयुष्यभर त्यांनी अकोल्याच्या एका जिनमध्ये कापूस पारखला, तेव्हा जिभेवरची वस्तूही ते तशीच पारखत. चिमट्या अर्ध्यावर थांबल्या की डोळे उघडून म्हणायचे, "तुटला." म्हणजे आजची व्हिस्की फेल.

मामाजी म्हणजे माझे सासरे. लग्न ठरलं तेव्हा माझ्या पुण्याच्या मावसभावाने विचारलं, "सासरे काय करतात?" मी म्हटलं, "जिनमध्ये आहेत." त्याचा चेहरा असा पडला की शेवटी मला सांगावं लागलं, बाबा रे, आमच्या वऱ्हाडात जिनमधून सरकी निघते, दारू नाही. पण पहिल्याच धोंड्याच्या महिन्यात सासरी जेवायला गेलो, तर जेवणाआधी मामाजींनी मला मागच्या खोलीत नेलं आणि औषधाच्या मापाचा पेला पुढे केला. मी अमरावतीचा मास्तर माणूस. जावयाची चालचलणूक पाहताहेत असं समजून दोनदा नको म्हटलं. तेव्हा ते वैतागले. "जावईबापू, परीक्षा तुमची नाई, मालाची हाय. घ्या गुमान."

झालं होतं असं, की जिनचा इंग्रज मॅनेजर विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याने मामाजींना बंगल्यावर बोलावून स्वतःच्या बाटलीतली थोडी दिली. मामाजींनी त्याआधी कधी घेतली नव्हती. ती चव मात्र त्यांच्या मनात जी बसली ती बसली. पुढे दारूबंदी आली. तब्येतीच्या कारणावर परमिट मिळे, म्हणून हा पहाडासारखा माणूस कागदोपत्री आजारी झाला. परमिटावर मिळायची ती इकडचीच व्हिस्की, कधी ब्रँडी. तेवढ्यातून ती विलायती चव घरी बनवायचीच, असं मामाजींनी ठरवलं. मी हसलो तर म्हणाले, "तेल्हाऱ्याच्या कापसात लांबी हाय, पातूरच्या कापसात जोर हाय. दोन्ही नीट मिसळले तं मिलवाला डोये झाकून घेते. मंग दारू काय आभायातून पडली?"

बाजार बंद असला की दुपारी हा उद्योग चाले. कोणत्या बाटलीत मनुका, कोणत्या बाटलीत बाभळीची भाजलेली ढलपी. मामाजी स्वतः घोटापलीकडे जात नसत. बाकीची तुळस सोडून कोणत्याही झाडाला घालत. त्या चवीत धूर होता, हे त्यांना पक्कं आठवत होतं. म्हणून एका उन्हाळ्यात त्यांनी भरताला देतात तसा व्हिस्कीला धुंगार दिला. पातेल्यात व्हिस्की, मधोमध वाटी, वाटीत चुलीतला फुललेला निखारा. अकोल्याचा मे महिना, त्यात हा निखारा. भप्पकन निळा जाळ उठला आणि मामाजींच्या दोन्ही भुवया गेल्या. दुसऱ्या दिवशी ते तसेच बाजारात गेले, आणि कुणी विचारलं तर म्हणाले, "वाटी उथळ होती. आता खोल घेतो."

सासूबाई महानुभाव पंथाच्या, उपदेश घेतलेल्या. त्यांच्या घरात बाटली म्हणजे केवढं संकट. ज्या दिवशी ती उघडे, त्या दिवशी मामाजींचं ताट ओसरीवर जायचं. त्या भांडल्या नाहीत, पण एक वचन मात्र घेऊन ठेवलं होतं: ज्या दिवशी जमेल, त्या दिवसापासून बंद. मामाजी मागच्या खोलीतून बाहेर आले की त्या भाजी निवडतानिवडता विचारायच्या, "जमली का?" मामाजी म्हणायचे, "नाई." मी एकदा सुचवलं, "सांगून टाका ना जमली म्हणून, घरात शांतता होईल." तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना वजनासाठी पाणी शिंपडलेला कापूस पास करायला सांगितला.

आणि तसला कापूस तर त्यांनी कुणाचाच पास केला नव्हता. सख्ख्या मेहुण्याची गाडी तेल्हाऱ्याहून आली, कापूस ओला निघाला, मामाजींनी परत पाठवली. सासूबाई महिनाभर बोलल्या नाहीत. "भाऊ तुहा हाय, पन कापूस त्याचा ओलाच हाय," एवढंच मामाजी म्हणत राहिले.

सासूबाईंना शेवटचं दुखणं लागलं तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले. सासूबाईंनी एकच हट्ट धरला, मला आपल्या पंथाच्या तीर्थाला, रिद्धपूरला न्या. मी अमरावतीहून मोटार घेऊन आलो. दाराशी मोटार उभी, आत बाजेवर त्या. पडल्यापडल्याच सगळ्यांना दंडवत म्हणून झाला. मग मामाजींना म्हणाल्या, "अवो, तुमचं तेवढं राह्यलं. बाटली घरात ठिवून जाऊ का मी?" आणि विचारलं, "जमली का?"

मामाजी खाली बघत होते. सकाळीच त्यांनी एक माप करून पाहिलं होतं आणि माझ्यासमोरच "तुटला" म्हणाले होते. मला वाटलं, हा माणूस आताही खरंच बोलणार. मनातून मी फार घाबरलो.

"जमली," मामाजी म्हणाले.

"नीट पाह्यली?"

"पाह्यली. धागा तुटतच नाई."

मग उठले, होत्या नव्हत्या तेवढ्या बाटल्या काढल्या आणि सासूबाईंना दिसेल अशा अंगणात एकेक करून ओतल्या. घरभर वास सुटला. एरवी पदर नाकाला लावणाऱ्या सासूबाई त्या दिवशी तशाच पाहत राहिल्या. "सुटली बाप्पा," म्हणाल्या. मोटारीत त्यांना गाढ झोप लागली. रिद्धपूरलाच त्या गेल्या.

पुढे काही वर्षांनी माझा एक मित्र विलायतेहून आला. त्याच्याकडून मी एक बाटली मागून घेतली, खरी तिकडचीच, आणि अकोल्याला नेली. मामाजी एव्हाना फार थकले होते. त्यांनी बाटली उजेडात धरली, बराच वेळ आतला रंग पाहिला. बूच काढलं नाही. मी म्हटलं, "मामाजी, एक घोट घ्या. एवढी वर्षं शोधलीत."

त्यांनी बाटली माझ्या हातात परत दिली. "तिले जमली म्हनून सांगतलं हाय ना मी. आता ही चाखली, तं ते खोटं होऊन जाईन," ते म्हणाले. "बसा, चाय मांडतो."