आईच्या नावावरच्या गोळ्या

आईच्या हृदयाचं ऑपरेशन वसईच्या खासगी हॉस्पिटलात ठरलं आणि विमा कंपनीचा चौकशीचा माणूस मनवेलपाड्याला आमच्या घरी आला. मेला गोडबोल्या. आईला 'मावशी, मावशी' करत चहा प्यायला, बिस्किटं खाल्ली आणि इथून उठला तो थेट सरकारी दवाखान्यात जाऊन तिथली रजिस्टरं उकरत बसला. आठ दिवसांत पत्र आलं. क्लेम नामंजूर. डायबेटीस जुना आहे, पॉलिसी घेताना लपवला.

डायबेटीस? माझ्या आईला? अहो, जेवण झालं की गुळाचा खडा लागतो तिला!

पण रजिस्टरात नाव तिचंच होतं, कित्येक वर्षं, दर महिन्याला. गोळ्या मात्र शेजारणीच्या. शेजारीण विधवा, एका कारखान्यात रोजावर कामाला. लाईनीत उभी राहिली की खाडा पडतो. आणि दवाखान्यात पेशंट स्वतः समोर लागतो. मग आमच्या मातोश्रींनी काय करावं? शेजारणीचा रिपोर्ट दाखवून स्वतःच्या नावाने केसपेपर काढला! त्या गर्दीत रिपोर्टवरचं नाव वाचतो कोण. आपण काही लबाडी करतोय, असं त्या माउलीच्या मनातही आलं नाही.

मी आईचं रक्त तपासून घेतलं. साखर एकदम नॉर्मल. रिपोर्ट घेऊन तरातरा कंपनीच्या ऑफिसात गेले. टेबलामागची बाई शांतपणे म्हणाली, "गोळ्या नियमित घेतल्या की नॉर्मलच येणार ना, मॅडम." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे आजारी असलात तरी मेलात, धडधाकट असलात तरी मेलात! हप्ते घेताना नाही यांना आईचं रक्त तपासावंसं वाटलं? बराच वेळ भांडल्यावर बाई म्हणाली, "गोळ्या जी खात होती तिचा लेखी जबाब आणा. मग बघू."

शेजारीण रडतच घरी आली. "काकू, मी देते लिहून." मी लगेच कागद पुढे केला. आईने तो ओढून उशीखाली सारला.

"दवाखान्यात कळलं तर हिच्या गोळ्या बंद करतील. काही लिहायचं नाही."

"अगं, आणि तुला काही झालं म्हणजे?" मी किंचाळलेच.

आईला धाप लागली होती. "मग तू जात जा," ती म्हणाली. "पहिल्या सोमवारी देतात. सातला जाऊन नंबर लाव, नाहीतर दुपार होते."