डावा खांदा

ओल्या सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वास आला की मला कारंजा गावाजवळचा तो भाजीचा मळा आठवतो. मळेवाल्यांची थोरली मुलगी वारली होती आणि तिच्या आईला भिंतीवर लावायला तिचं उभं चित्र हवं होतं. फोटो होता तो नुसत्या चेहऱ्याचा. माझ्या चित्रांतली माणसं तेव्हा खांबासारखी ताठ उभी राहायची, म्हणून अंगाचा तोल कळावा यासाठी मी धाकटीला समोर उभं केलं. आईनं माझ्या कागदाकडे पाहिलं आणि मान हलवली. "अशी नाही. ती कमरेवर टोपलं घेये, तिचा डावा खांदा खाली राहे." मग तिनं स्वतःच धाकटीचा खांदा दाबला, कंबर बाहेर काढली, मान जराशी वळवली. त्यासरशी माझी रेघ सैल झाली आणि कागदावर कुणीतरी उभं राहिलं. "मा, आता हलू काय? पाय दुखून राह्यला," धाकटी म्हणाली. आई तिच्याकडेच बघत होती. "हलू नोको वं. आत्ताच त आली ती." परवा शेलूबाजारला जीपची वाट पाहत धाकटी दिसली. हात मोकळे होते, कमरेवर टोपलं नव्हतं, तरी डावा खांदा तसाच खाली होता.