कव्हर्डवर पाच वाक्यं

आमच्या घरात उघडं काहीच नव्हतं. टीव्ही, मिक्सर, कुलर, शिलाई मशीन, सगळ्यांना कव्हर! बाबांचा स्टील प्लांटचा गणवेश विरला की आई त्याचं कव्हर शिवायची, कारण भिलाईची लाल धूळ दोन दिवसांत घराचा रंग बदलते. मी नववीत होते आणि मला त्या कव्हरांची भयंकर लाज वाटायची.

त्या वर्षी जवळच्या रुआबांधा वस्तीतल्या एका छोट्या शाळेला बालवर्गासाठी बाई हव्या होत्या. आईला ती नोकरी हवीच होती. गोंदियाजवळच्या गावातून लग्न होऊन आल्यापासून तिने स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट. मी तिच्याकडून इंग्रजीत स्वतःची ओळख घोटून घेतली आणि मुलाखतीलाही तिच्याबरोबर गेले.

पण मोठ्या बाईंनी ओळख विचारलीच नाही! 'कव्हर्ड' असा एक शब्द दिला आणि म्हणाल्या, "इस पर पाँच सेंटेन्स बोलिए."

"मले नाई येत व," आई माझ्याकडे वळून पुटपुटली. तेवढ्यात तिची नजर टेबलावरच्या कॉम्प्युटरवर गेली. त्यावर बोटभर धूळ. तिने सरळ पदराने तो पुसायला घेतला.

"मॅडम, धिस इज नॉट कव्हर्ड!"

आटोपलं सगळं, असं मनात म्हणून मी डोळे मिटले. पण आईची गाडी आता सुटली होती. "माय टीव्ही इज कव्हर्ड. माय मिक्सर इज कव्हर्ड. माय कुलर, फुल कव्हर्ड!"

बाई हसू दाबत म्हणाल्या, "सामान छोड़िए. कुछ और?"

आईने एकदा माझ्याकडे पाहिलं. बोल ना, बोल ना, मी मनातल्या मनात ओरडत होते.

मग ती हळू म्हणाली, "व्हेन माय डॉटर बॉर्न, हर फादर नॉट गो टू प्लांट. हिज फ्रेंड कव्हर्ड हिज शिफ्ट. टू शिफ्ट, नो स्लीप."

हे मला घरी कुणी कधी सांगितलंच नव्हतं. आणि त्यात मी शिकवलेलं एक अक्षरही नव्हतं.

"सोमवार से आइए," बाई म्हणाल्या.

रस्त्यावर येताच मी उड्याच मारल्या. "आई, लागली तुले नोकरी!"

"हळू बोल, लोकं पाहून राहिले," ती म्हणाली, पण स्वतःच माझ्यापेक्षा मोठ्याने.

सोमवारी मी शाळेतून आले तर दाराला कुलूप. आई अजून तिच्या शाळेत होती. मी दप्तर घेऊन पायरीवर बसले. कुलूप पाहून एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.