भट्टीचं दार

माझं हार्डवेअरचं दुकान आहे. पॉलिश पेपर आणि तारेचे ब्रश तिथूनच येणार, म्हणून संग्रहालयातलं जुनं मीटरगेजचं इंजिन नीट करणाऱ्यांनी मलाही त्यांच्यात धरलं. दर रविवारी आम्ही चार-पाच जण पूर्णा गावी त्या संग्रहालयात जमायचो. असल्या इंजिनावर खरी नोकरी केलेले आमच्यात एकटेच होते, सगळे त्यांना काका म्हणत. ते फायरमन होते, भट्टीत कोळसा टाकायचे.

भट्टीच्या आतला गंज काढायला मी दारातून सरपटत शिरायची. मी आत गेले की काका बाहेरून हातोडीनं ठोकत. आतल्यानं उलट ठोकायचं, ही त्यांची पद्धत. एकदा कंटाळून मी ठोकलं नाही, तर काका दारातून अर्धे आत आले. त्यांचा चेहरा बघून पुढं मी चुकले नाही.

नंतर चहा पिताना त्यांनीच सांगितलं. "जोडीदार आत व्हता. म्या ठोकलं, जवाब न्हाई. मुकादम म्हणला, त्यो कवाच घरी गेला, लाव दार. लावलं. आन् जाळ घातला."

एवढं बोलून काका कप विसळायला उठले.

काम संपत आलं. पोरं आत शिरतील म्हणून भट्टीचं दार वेल्डिंग करून कायमचं बंद करायचं संग्रहालयाच्या कमिटीनं ठरवलं. वेल्डर आला त्या दुपारी काका दारासमोर बसले, ते उठेनात.

"काका, आत कुणी नाही."

"कुणी बघितलं?"

"मी बघते."

आत शिरले. लोखंड उन्हानं तापलेलं होतं. बॅटरीच्या उजेडात चारी कोपरे बघितले. चिमणीनं आणलेल्या काड्या होत्या, दुसरं काही नाही.

"काका, कुणी नाही हो!"

"मग बोलायलंय कोण?"

बाहेर वेल्डर खो खो हसला. मला हसू आलं नाही. माझा आवाज लोखंडावरून परत येत होता, आणि जरा उशिरा येत होता.

मी बाहेर आले. काकांनी रिकाम्या भट्टीवर एकदा ठोकलं आणि कान लावला. मीही लावला. आतून टक्क वाजलं.

ऊन सरकलं की लोखंड वाजतं. दुकानाचं शटर रोज वाजतं. मी तसं सांगणार होते. पण काका घाबरले नव्हते. ते नुसते दारापासून बाजूला झाले, कुणाला वाट द्यावी तसे.

"गुंडाळ तुझं सामान," मी वेल्डरला म्हटलं. "कडी-कोयंडा लावू."

"ताई, कमिटीला काय सांगू?"

"दार मी लावत जाईन म्हणून सांग."

आता आतून तेलाचा हात फिरवायला अधूनमधून मी भट्टी उघडते. संध्याकाळी कुलूप लावण्याआधी ठोकते, आणि उत्तर येत नाही अशी खात्री होईपर्यंत थांबते. उन्हाळ्यात जरा जास्त थांबावं लागतं.