नाकेदारमामाची नऊ घड्याळं

"अबे नाकेदार, दोन हातांवर चार घड्याळं बांधून मांडवात मिरवून राह्यला, आन् नवरदेवाले एक देता येत नाई तुले?"

बाबा ओरडत होते. उभे होते आरमोरीच्या मांडवात, पण त्या आवाजाने वैनगंगेपलीकडच्या म्हशी पाण्यातून उठून उभ्या राहिल्या म्हणतात. माझी बहीण सुमी आत नटून बसलेली, मुहूर्त तोंडावर आलेला, आणि ब्रह्मपुरीचे मास्तर असलेले नवरदेव जानोशावर, म्हणजे वऱ्हाड उतरलं होतं त्या घरी, भिंतीकडे तोंड करून रुसलेले. कबूल केलेलं मनगटी घड्याळ मिळाल्याशिवाय ते उठणार नव्हते. ते घेऊन नागपूरहून निघालेल्या काकांची बस नागभीडच्या अलीकडे जी बसली, ती उठेना. मुहूर्ताला किती वेळ उरलाय तेही कळेना, कारण अख्ख्या मांडवात घड्याळं होती ती मामाच्याच हातांवर, आणि चारही चार वेगळ्या वेळा सांगत होती.

मामा शांतपणे म्हणाले, "भाऊजी, पोरगी तुमची, जवाई तुमचा. घड्याळ माह्यं काऊन?"

हे मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. जंगलखात्याच्या नाक्यावर लाकडाचे ट्रक अडवून तपासायचे, म्हणून गावाला ते नाकेदार. कुणी पानात रमतो, कुणी पत्त्यांत. मामा जुन्या स्टीलच्या मनगटी घड्याळांत बुडाले होते. नवं नको. सोनेरी मुलाम्याचं तर नजरेसमोर नको. "मुलामा म्हंजे तोंडाले लावलेली पावडर. घाम आला का गेली. स्टील जसं हाये तसंच दिसते बावा." ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला की बाकीचे नाकेदार लाकूड मोजत, मामा त्याचं मनगट पाहत. आईने दिवाळीला दिलेलं कोशाचं रेशमी धोतर एका ट्रकवाल्याच्या कमरेला गेलं आणि त्याचं बंद पडलेलं घड्याळ मामाच्या हातावर आलं. पुढच्या दिवाळीला आईने रागाने नुसता पंचा दिला. तोही गेला. बदल्यात पट्टा आला.

अशी नऊ जमली. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, ओल लागू नये म्हणून कोरड्या तांदळात पुरलेली. प्रत्येकाला जुन्या मालकाचं नाव. एक ठेकेदार, एक डाक्टरीणबाई, आणि सगळ्यांत लाडका साहेब, जो नोकरी संपवून विलायतेला परतलेल्या एका जंगलसाहेबाच्या हातावरून उतरला होता. मामी कपाळावर हात मारून सांगे, "भातासाठी मूठभर तांदूळ काढाव म्हटलं, तं 'हळू, साहेब झोपले हायेत' म्हन्ते हा मानूस!"

सकाळी चाबी भरण्याचा कार्यक्रम. तेवढा वेळ घरात कुणी बोलायचं नाही, शिंकायचं नाही. एकदा नाक्यावर ऐन त्या वेळी दारात अस्वल आलं. मामांनी मान वर न करता बोट ओठावर ठेवलं आणि अस्वल उंबऱ्याशी बसून राहिलं. मी यात एक शब्द वाढवलेला नाही, उलट दोन अस्वलं कमी केली आहेत. त्या चाब्यांना हात लावायची मुभा फक्त सुमीला. मामा म्हणत, "तिच्या बोटाले कान हायेत. कुठी थांबाचं ते समजते तिले."

एवढं करून वेळ मात्र कधी लावायचे नाहीत. काटे फिरवले की मशीन घासतं, हा त्यांचा सिद्धांत. वेळ विचारली की मामा उलट विचारत, "कोनाची सांगू? ठेकेदाराचे दोन वाजले, डाक्टरीणबाईचे पाच." नऊ घड्याळांच्या या धन्याला ब्रह्मपुरीची बस एकदाही सापडली नाही. आणि दर वेळी त्यांच्यासोबत फाट्यावर मी उन्हात!

तर, बाबांच्या ओरडण्याने मामा हलले. लग्नालाही सोबत आणलेला डबा काखेत मारून जानोशावर गेले, मी मागे. तांदळातून टिकटिक ऐकू आली तसे नवरदेव भिंतीकडून वळले. आता द्यावं ना एक काढून? नाही. मामांनी त्यांचा तळहात चाचपला. "घाम किती येते तुमाले? आंघोळीच्या वख्ती काढान का?" मास्तर बिचारे शाळातपासणी आल्यासारखे उत्तरं देत होते. अखेर मामांनी स्वतःच्या मनगटावरचा साहेब काढून त्यांना नुसता पाहायला दिला. मास्तरच ते! दारातल्या उन्हावरून घड्याळ चुकलेलं दिसताच त्यांनी चाबी ओढली आणि काटे फिरवले.

मामांनी साहेब हिसकावला, डबा बंद केला आणि तडक मांडवात येऊन जाहीर केलं, "या मानसाले घड्याळ देऊ नका, गिरनीचा भोंगा द्या!"

वऱ्हाडी जोडे शोधू लागले. बाबांनी डोक्याचं पागोटं काढून हातात घेतलं, ओरडायचेही थांबले. ते मला सगळ्यांत वाईट वाटलं. तेवढ्यात आतून सुमी, नवरी असून, सरळ मांडवात आली.

"मामा, चाबी मी भरन ना. रोज. काटे कोनाले फिरवू नाई देनार."

मामा तिच्या बोटांकडे बघत राहिले. मग साहेब कानाला लावला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि नवरदेवाला नाही, सुमीच्या हातात दिला. तिने तो जानोशावरून आलेल्या नवरदेवाच्या मनगटावर बांधला आणि लग्न लागलं. मंगलाष्टकं चालू असताना सुमीच्या पाठीशी उभे असलेले मामा एकटक नवरदेवाच्या मनगटाकडे बघत होते.

पुढे मामा महिन्यातून एकदा बस चुकवून, पायी ब्रह्मपुरीला जात. दारातच जावयाचं मनगट कानाला लावत, मग पाणी मागत. सुमीने शब्द पाळला. म्हणून जावईबापू नोकरी संपेपर्यंत शाळेत उशिरा पोचले. आता मामा नाहीत. तो डबाही सुमीकडे आहे आणि तिच्याकडे वेळ विचारायची सोय नाही.

पण त्या दिवशी, सुमीला घेऊन डोंगा नदीत निघाला, तेव्हा काठावर सगळ्यांत मोठ्याने रडत होते ते मामा. त्यांच्यावर जन्मभर वैतागलेला मी, माझाही जीव गलबलला. खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "मामा, रडू नका. सुमी नदीच्या पल्याडच तं चालली."

मामांनी नाक पुसलं.

"सुमी येते दिवाळीले," ते म्हणाले. "घड्याळ येते का?"