बिनदाताचा घास

माझ्या धाकट्या भावाला सगळी गल्ली कवळीवाला म्हणते. जन्मभर लोकांचे दात बसवले त्यानं. रस्त्यात कुणी भेटलं की नाव आठवत नाही, पण माणूस हसला की म्हणेल, "हां, हा वरचा पूर्ण संच!"

भावजय गेली तेव्हा मी त्याच्याकडे राहायला आले. म्हटलं, एकटा पडलाय, उपाशी राहील. बघते तर काय, हा भरदुपारी दुकान सोडून घरी गाजर-बटाटे उकडतोय!

काम तसं सोपंच. गाजरं बारीक चिरून बटाट्यांबरोबर मऊ होईस्तोवर शिजवायची, पाणी निथळून गरम असतानाच कुस्करायची, वर लोणी आणि मीठ. भावजयीचा हात चमच्यावर थरथरायचा, म्हणून हा त्याचे घट्ट मुटके वळायचा. कवळीचा साचा गुळगुळीत करायचं पातं असतं ना, तसलंच एक घरात ठेवलं होतं. त्यानं मुटके असे सारखे करायचा, की बोट लावलं तरी ठसा उठावा.

"कुणासाठी रे हे?"

"तिच्यासाठी."

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

मग त्यानं सांगितलं. सफरचंद चावताना तिच्या कवळीचा पुढचा दात तुटला होता. हा तिच्यावर ओरडला आणि कवळी दुरुस्तीला दुकानात घेऊन गेला. त्याच दिवशी ती गेली. धावपळीत कुणाच्या लक्षात आलं नाही, बोळक्या तोंडानंच तिला निरोप दिला.

"गावाला दात दिले ताई, आणि बायकोला बिनदाताची पाठवली."

त्यानं ताटली तिच्या खुर्चीसमोर ठेवली, दार ओढलं आणि आम्ही बाहेर बसलो. थोड्या वेळानं दार उघडलं, तर एका मुटक्याचा घास गेलेला.

"मांजर असेल," मी म्हटलं.

"रोज एक घास असाच जातो, ताई. आणि मांजराला दात असतात."

फळीवरून त्यानं तिच्या हिरड्यांचा जुना साचा काढला. डाव्या बाजूला एक बारीकसा उंचवटा होता. मुटक्यावर त्याच जागी खळगा पडला होता. साचा त्यात अलगद बसला. मी त्याच्याकडे वळले.

"आणि तिची कवळी कुठाय?"

त्यानं खिशातून काढली. पुढचा दात अजून नव्हताच.

"अजून जोडला नाहीस? तुझ्या हातचं तर दहा मिनिटांचं काम!"

तो खाली बघत म्हणाला, "जोडला, की ती काहीही खाईल. मग इथं कशाला येईल?"

माझं डोकंच फिरलं. "अरे मेल्या, तुझ्या गाजरांसाठी येते होय ती? दात मागायला येते! जिवंतपणी सफरचंदावरून ओरडलास, आता मेल्यावरही अडवून धरलंयस तिला!"

तो लहानपणी रडायचा तसा हुंदके देऊन रडला. मग डोळे पुसून दुकानात गेला आणि दात जोडून आणला.

दुसऱ्या दिवशी ताटलीत मुटके, शेजारी कवळी आणि एक कडक सफरचंद. दार ओढलं. आम्ही बसलो. बराच वेळ काही नाही. मग आतून स्पष्ट आवाज आला. कर्रर्र.

त्यानं माझा हात घट्ट धरला. त्याचा हात गार पडला होता, माझाही काही गरम नव्हता.

आत मुटके तसेच होते. कवळी नव्हती. सफरचंदाचा एक मोठा घास गेला होता. त्यानं ते उचलून खिडकीपाशी नेलं आणि दातांच्या खुणा निरखल्या.

"पुढचा दात जरा लांब झालाय," तो म्हणाला. "घासायला हवा होता."

त्याच्या पुढच्या दुपारीही त्यानं मुटके वळले. आम्ही बाहेर बसलो. दार उघडलं तेव्हा मुटके गार झाले होते, आणि कुठंच ठसा नव्हता. तो तिच्या खुर्चीत बसला, ताटली ओढली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यातला घास तोंडात घातला. चावता चावता थांबला.

"ताई, यात मीठच नाही गं. रोजच विसरत होतो वाटतं." त्यानं घास गिळला. "रोज खाल्लं तिनं, आणि एकदाही बोलली नाही."